शालीच्या आधी वही

मंडळाची बैठक संपत आलेली असते. ‘आयत्या वेळचे विषय’ निघतात आणि कुणीतरी म्हणतं, “आपल्या मावशींना यंदा तीस वर्षं झाली. काहीतरी करायला हवं.” सगळे माना डोलावतात. ठराव दोन मिनिटांत मंजूर होतो. पुढची चाळीस मिनिटं शाल कुठल्या रंगाची, प्रमुख पाहुणे कोण आणि जेवणात बिर्याणी की पुरी-भाजी, यावर जातात. मावशी एकतर समोरच संकोचून बसलेल्या असतात, नाहीतर ‘या रविवारी तुम्ही नाही आलात तरी चालेल’ असा मोघम निरोप त्यांना गेलेला असतो आणि आपलं काय चुकलं याचा विचार करत त्या घरी झुरत असतात.

वसईतल्या एका धर्मग्रामात अशा सत्कारांच्या तयारीत मी बरीच वर्षं काढली आहेत. काही सत्कार चांगले झाले, काही इतके फसले की आजही तो विषय निघाला की मी उठून चहा करायला जातो. त्यातून जे कळलं ते इथे मांडतो. डोळ्यांसमोर मुख्यतः सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीची आपली गावातली कॉन्फरन्स, म्हणजे शाखा, आहे; पण लीजन ऑफ मेरी, सोडॅलिटी, गायनमंडळ किंवा वाडीतला लहान ख्रिस्ती समूह असला तरी फार फरक पडू नये.

पहिली गोष्ट म्हणजे त्या माणसाला विचारा. हे इतकं साधं आहे की नेमकं तेच राहून जातं. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात एकोणिसाव्या अध्यायात बर्जिल्लय नावाचा म्हातारा येतो. दावीद परागंदा झाला होता तेव्हा त्याला आणि त्याच्या माणसांना याने धान्य, अंथरूण-पांघरूण, सगळं पुरवलं होतं. दिवस पालटल्यावर राजा त्याला म्हणतो, यरुशलेमला चल, तुझा सांभाळ मी करतो. बर्जिल्लय नाही म्हणतो. मी ऐंशी वर्षांचा झालो, मला आता अन्नाची चव कळत नाही, गाणाऱ्यांचे आवाज ऐकू येत नाहीत, राजाला माझा भार कशाला? मला माझ्या गावी मरू दे, आणि न्यायचंच असेल तर माझ्याऐवजी या किम्हामाला ने. राजा त्याचं ऐकतो, म्हाताऱ्याला आशीर्वाद देऊन घरी पाठवतो आणि किम्हामाला सोबत नेतो. सत्कार समितीच्या पहिल्या बैठकीत हे वाचन ठेवावं असं माझं मत आहे.

विचारायचं कसं? अध्यक्ष, सचिव, खजिनदार असे तिघे फाइल घेऊन दारात उभे राहू नका. त्यांच्या जवळच्या एकाच माणसाने जावं, शक्यतो ज्याच्यासोबत ते घरभेटीला जात आले आहेत त्याने. तारीख, खर्च, पाहुणे यांचा उल्लेखही काढू नये. “मंडळाच्या मनात असं आहे, तुम्हाला कसं वाटतं?” एवढंच. उत्तर बहुधा ‘नको’ असंच येईल. प्रश्न आहे तो कुठला ‘नको’ हे ओळखण्याचा. एक ‘नको’ शिष्टाचाराचा असतो. दुसऱ्यांदा विचारलं की तो “बघा बाबा, तुमची मर्जी” असा मऊ होतो. दुसरा ‘नको’ कार्यक्रमाला असतो, माणसांना नसतो. त्यांना व्यासपीठ नको असतं, पण चार जुने सोबती घरी आले तर मावशी आनंदाने दोन दिवस स्वयंपाक करतील. तिसरा ‘नको’ मनापासूनचा असतो. कधी त्यामागे श्रद्धा असते. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू देऊ नका, असं येशूने सांगून ठेवलं आहे, आणि विन्सेंट डी पॉलच्या कामात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाने ते जर खरंच मनावर घेतलं असेल तर त्याला सभागृहात उभं करणारे आपण कोण? कधी त्यामागे घरचं दुखणं असतं, नुकतंच झालेलं मरण असतं. तिसऱ्या ‘नको’ला मान द्या आणि विषय तिथेच सोडा. ‘सरप्राइज’ म्हणून गुपचूप बेत आखणं तरुणांना गमतीचं वाटतं. पंच्याहत्तरीच्या माणसाला ते क्वचितच सोसतं.

घरच्यांनाही विचारा. साखर आहे का, जिने चढवतात का, संध्याकाळी दिसतं का, हे सून-मुलगी सांगेल. मावशी स्वतः सांगणार नाहीत.

होकार आला की लगेच हॉल बुक करायला धावू नका. आधी वह्या काढा. प्रत्येक जुन्या मंडळाच्या कपाटात इतिवृत्ताच्या वह्या, हजेरीपट, हिशेबाच्या चोपड्या असतात. काही वाळवीने खाल्लेल्या, काही माजी सचिवांच्या माळ्यावर. महिनाभर आधी दोघांनी बसून त्या वाचाव्यात. आमच्याकडे एका खजिनदारांबद्दल सगळे ‘फार जुने, फार प्रेमळ’ एवढंच सांगत होते. वह्या उघडल्यावर दिसलं की 2005च्या जुलैत मिठागरांच्या बाजूची घरं पाण्यात बुडाली तेव्हा या गृहस्थांनी सलग अकरा दिवस वाटपाचा हिशेब रोजच्या रोज लिहिला होता, ओल्या पानांवर, पेन्सिलने. बेरजेत एका रुपयाची चूक नव्हती. ‘प्रेमळ’ हा शब्द मग कुणालाही वापरावासा वाटला नाही, कारण त्याहून बरं सांगण्यासारखं हाती आलं होतं.

मोजण्यासारखं असेल ते मोजा. आठवड्याला एक घरभेट धरा, आजारपणं आणि लग्नसराई वजा करून वर्षाला 45 धरा. तीस वर्षांत 1,350 भेटी होतात. एवढ्या वेळा हा माणूस कुणाच्या तरी दारात चपला काढून आत गेला आणि तिथल्या अडचणी ऐकून बाहेर आला. ‘प्रदीर्घ निःस्वार्थ सेवा’ असं छापण्यापेक्षा हा आकडा छापा. सभागृह शांत होतं, हा माझा अनुभव आहे.

मानपत्र म्हणजे सत्काराचा खरा गाभा, आणि तिथेच आपण सगळ्यात आळशीपणा करतो. छापखान्यात तयार मजकूर मिळतो, त्यात फक्त नाव बदलतात. ‘आपण म्हणजे त्यागाचा मेरुमणी, सेवेचं धगधगतं यज्ञकुंड’ वगैरे. हे वाचून ज्यांचा सत्कार आहे त्यांनाच कळत नाही की हे कुणाबद्दल चाललंय. चांगलं मानपत्र कसं लिहावं याचा नमुना आपल्याकडे दोन हजार वर्षांपासून आहे: पौलाच्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय. प्रवचनात तो फारसा येत नाही, कारण वरवर पाहता ती नुसती नावांची यादी आहे. पण बघा, दोन डझनांहून अधिक नावं आणि बऱ्याच नावांपुढे एकच नेमकी गोष्ट. फीबीने पुष्कळांना आणि मला स्वतःला साहाय्य केलं. प्रिस्किला आणि अक्विला यांनी माझ्या जिवासाठी आपली मान धोक्यात घातली; त्यांच्या घरी मंडळी जमते. मरियेने तुमच्यासाठी फार श्रम केले. रूफसची आई मलाही आईसारखीच झाली. विशेषणं जवळजवळ नाहीतच. आणि पत्र लिहून घेणारा तर्तियस, म्हणजे आजच्या भाषेत मंडळाचा सचिव, तोही मध्येच आपला नमस्कार टाकून जातो. पौल त्याला अडवत नाही.

तसंच लिहा. सव्वाशे-दीडशे शब्द पुरतात. कुठल्या साली आले, कुणाच्या सांगण्यावरून आले, कोणतं काम हातात घेतलं, एखादा कठीण प्रसंग, एखादी सवय. ‘बैठकीला येताना खुर्च्या मांडायला वीस मिनिटं आधी यायच्या’ हे वाक्य मानपत्रात शोभतं. ‘आदर्श व्यक्तिमत्त्व’ शोभत नाही, कारण ते प्रत्येकाच्या मानपत्रात असतं. लिहून झाल्यावर नाव झाकून वाचून बघा. ते दुसऱ्या कुणालाही लागू पडत असेल तर फाडा आणि पुन्हा बसा.

आणि नाव तपासा. हे हसण्यावारी नेऊ नका. आपली आडनावं पोर्तुगिजांकडून आली आणि प्रत्येक घराने ती आपल्या जिभेला सोयीची करून घेतली. डिसोजा आणि डिसोझा, परेरा आणि पेरेरा, रॉड्रिग्ज आणि रॉड्रिक्स, घोन्सालविस आणि गोन्साल्विस. मतदार यादीत एक, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर दुसरं, दारावरच्या पाटीवर तिसरं. दारावरची पाटी प्रमाण माना, आणि चौकटीत बसवण्याआधी कच्चा मजकूर घरी नेऊन दाखवा. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज बिनचूक भरून दिलेल्या एका बाईंच्या हातात चुकीच्या नावाचं मानपत्र पडलेलं मी पाहिलं आहे. त्या हसल्या. आम्हाला मात्र जेवण गेलं नाही.

आता एक इशारा, आणि तो विन्सेंट डी पॉलवाल्यांसाठी खास. या संस्थेचं सगळं काम गुप्ततेवर उभं आहे. बैठकीत फिरणाऱ्या पिशवीत कोण किती टाकतं ते शेजाऱ्यालाही दिसत नाही, आणि कुठल्या घराला काय दिलं ते बैठकीबाहेर जात नाही. मग सत्काराच्या दिवशी ‘यांनी ज्यांना मदत केली त्यातल्या एकाचं मनोगत’ ठेवण्याची कल्पना कुणाला सुचली तर ती तिथेच मोडून काढा. कल्पना सुचवणारा माणूस वाईट नसतो, त्याला टाळ्या डोळ्यांसमोर दिसत असतात. पण फी भरली गेल्यामुळे शिकलेला मुलगा आज गावात प्रतिष्ठित असेल, त्याचं लग्न ठरत असेल. त्याला माइकसमोर उभं करून आपण त्याची तीस वर्षांपूर्वीची गरिबी पुन्हा गावभर करतो. तो आपणहून म्हणाला की मला बोलायचं आहे, तरी त्याला सांगा: त्यांच्या घरी जाऊन बोल. प्रसंग सांगताना वाडीचं नाव, आजाराचं नाव, मुलांची संख्या सगळं गाळा. लहान गावात एवढ्यावरूनही ओळख पटते.

याच संस्थेचा जन्म कसा झाला ते आठवलं तर सत्कार कुणाचा करावा याबद्दलही थोडा उजेड पडतो. 23 एप्रिल 1833 रोजी पॅरिसमध्ये काही विद्यार्थी एमान्युएल बाय्यी या संपादकाच्या कचेरीत जमले. त्यांतल्या फ्रेडरिक ओझानामचा तो विसावा वाढदिवस होता. आज संस्थापक म्हणून ओझानामचंच नाव घेतलं जातं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1997मध्ये पॅरिसच्या नोत्र दामला त्याला धन्यवादित घोषित केलं. पण पहिला अध्यक्ष तो नव्हता, बाय्यी होता, आणि 1844पर्यंत तोच राहिला. पहिली वर्गणी ज्याने गोळा केली तो खजिनदार ज्यूल द्वो. गरिबांच्या वस्तीत कसं जायचं, तिथे कसं बोलायचं हे या पोरांना शिकवलं सिस्टर रोझाली रांद्यूने. ही चार माणसं, चार प्रकारची कामं. आपण मात्र सत्काराला उभे करतो ते बहुतेक वेळा माजी अध्यक्षच. हजेरीपट वाचायला सांगतो ते यासाठीही. तिथे एखादं असं नाव निघतं की जे कधीच कुठल्या पदावर नव्हतं आणि एकाही रविवारी गैरहजर नव्हतं. त्यात बायकांची नावं जास्त निघतील, हेही आताच सांगून ठेवतो.

आता चर्चमधलं. इथे उत्साहाच्या भरात चुका होतात आणि मग फादरांशी वाद होतात, म्हणून थोडं सविस्तर. उपकारस्तुतीची मिस्सा जरूर सांगा. त्यासाठी धर्मग्रामाच्या कार्यालयात वेळेत नोंद करा, रविवारच्या मिस्सांचे हेतू महिनोन्महिने आधी भरलेले असतात. मिस्सेत त्यांच्यासाठी श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत एक प्रार्थना घालता येते, अर्पणाच्या मिरवणुकीत त्यांना भाकर आणि द्राक्षारस घेऊन चालायला सांगता येतं, वाचन करणारे असतील तर पहिलं वाचन त्यांना देता येतं. मिस्सेच्या मध्येच शाल घालणं, मानपत्र वाचणं, प्रवचनाच्या जागी अध्यक्षांनी भाषण ठोकणं, हे मात्र करू नये. प्रवचन हे अभिषिक्त सेवकाचंच काम आहे. प्रापंचिकाने काही साक्ष द्यायचीच असेल तर ती शक्यतो मिस्सेबाहेर, आणि गंभीर कारण असेल तरच परमप्रसादानंतरची प्रार्थना झाल्यावर, थोडक्यात, असं 2004च्या ‘रेदेम्प्तियोनिस साक्रामेंतुम’ या व्हॅटिकनच्या सूचनापत्रात स्पष्ट म्हटलं आहे. हा नियम मला पटतो. वेदीसमोर आपण सगळे एकाच रांगेत गुडघे टेकतो. तिथे एकाला वर काढलं तर त्यालाच सगळ्यात अवघड वाटतं. मिस्सेनंतर हॉलमध्ये जा आणि मग हवं तेवढं कौतुक करा.

दिवस कोणता? विन्सेंट डी पॉलचा सण 27 सप्टेंबरला, म्हणून त्या आठवड्यातला रविवार सहज सुचतो. ओझानामचं स्मरण 9 सप्टेंबरला असतं, पण तो दिवस घेताना जपा. आदल्याच दिवशी मरियामातेचा जन्मोत्सव, आणि 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याची जत्रा. निम्मं गाव लोकलमध्ये असतं. लीजन ऑफ मेरीवाल्यांना 25 मार्चच्या सुमाराचा आसिएस हा त्यांचा वार्षिक समर्पणाचा दिवस आहेच, मात्र तो बहुधा उपवासकाळात येतो, तेव्हा जेवणावळी नकोत. जुलैचा चौथा रविवार पोप फ्रान्सिस यांनी 2021पासून आजी-आजोबांचा आणि वृद्धांचा दिवस म्हणून दिला आहे. तो मला यासाठी फार आवडतो. पाऊस तेवढा सांभाळा. मे महिना टाळा. एक तर लग्नं, दुसरं म्हणजे पत्र्याच्या हॉलमध्ये भर दुपारी अंगावर लोकरी शाल घेऊन बसणं ही शिक्षा आहे.

शाल-श्रीफळाबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. पंचवीस वर्षं सार्वजनिक कामात घालवलेल्या माणसाच्या कपाटात पाच-सात शाली घडी न मोडलेल्या पडलेल्या असतात, आणि स्मृतिचिन्हांसाठी सुनेने टीव्हीच्या वरची फळी देऊन टाकलेली असते. फुलांचा गुच्छ संध्याकाळपर्यंत कोमेजतो. त्याऐवजी काय? ज्याच्यासोबत काम केलं त्या प्रत्येकाकडून एकेक पान हाताने लिहून घ्या आणि ती पानं शिवून एक वही करा. आखाती देशांत, कॅनडात गेलेल्या जुन्या सभासदांनाही पान लिहून फोटो पाठवायला सांगा. इथे त्याची प्रत काढून लावता येते. एका बाईंना आम्ही अशी वही दिली. नजर अधू झाल्यावर नात त्यांना रोज एक पान वाचून दाखवायची. खायचं काही द्यायचं तर नंदाखाल-आगाशीकडची सुकेळी द्या, घरात सगळे खातील आणि चार दिवस टिकतील. मात्र साखरेची चौकशी आधी केलीत ना?

रोमहून आशीर्वादपत्र मागवता येतं. पोपमहोदयांच्या दानधर्माचं काम पाहणारी कचेरी ते देते आणि त्याचे पैसे गरिबांसाठीच जातात, त्यामुळे विन्सेंट डी पॉलच्या माणसाला ते शोभूनही दिसतं. धर्मगुरूंची शिफारस घ्या आणि पत्र पोहोचायला वेळ लागतो हे धरून चला. ‘प्रो एक्लेसिया एत पोन्तिफिचे’ हे पदक वेगळं. पोप तेरावे लिओ यांनी ते 1888मध्ये सुरू केलं आणि चर्चच्या सेवेसाठी ते प्रापंचिकांनाही मिळतं. त्यासाठी बिशपांकडून शिफारस जावी लागते. मंडळाने नुसता अर्ज केला म्हणून ते मिळत नाही. तुमच्या सभासदाचं काम खरोखर त्या तोडीचं असेल तर फादरांपाशी विषय जरूर काढा, पण पदक मिळेल या आशेवर सत्कार लांबवू नका. सत्तरीनंतर एकेक वर्ष मोठं असतं.

खर्चाचा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही, मी विचारतो. गरिबांसाठी जमा झालेल्या पैशातून शाल, हॉल, बिर्याणी, काहीही करायचं नाही. एक रुपयाही नाही. पिशवीत पडलेला पैसा ज्याने टाकला त्याने कुणाच्या तरी औषधासाठी टाकला होता. सत्कारासाठी वेगळी वर्गणी काढा, तिचा वेगळा हिशेब ठेवा, उरलं तर गरिबांच्या निधीत घाला. उलट दिशेने कधीच नाही. एका कार्यक्रमानंतर सत्कारमूर्तींनी स्वतः खजिनदाराला बाजूला घेऊन विचारलं, “हे कुठल्या खात्यातून?” खजिनदाराची मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेवढी रक्कम निधीत भरली. आपल्याच सत्काराचं बिल त्यांनी भरलं, म्हणायचं.

हॉलमधला कार्यक्रम एका तासात आटपावा. प्रार्थनागीत, मानपत्राचं वाचन, एका जुन्या सोबत्याचे पाच मिनिटांचे बोल, एका तरुण सभासदाचे तीन मिनिटांचे, मग सत्कारमूर्तींना बोलू द्या. ‘सत्कारमूर्ती’ हा शब्द तसा घातकच. एकदा माणसाची मूर्ती केली की तिने बोलावं अशी कुणाची अपेक्षा राहत नाही, सगळे तिच्यासमोर बोलतात. मी पाहिलेल्या सर्वांत फसलेल्या कार्यक्रमात प्रमुख पाहुणे पाऊण तास बोलले, त्यातली चाळीस मिनिटं स्वतःबद्दल. ज्यांच्यासाठी जमलो होतो त्या काकांची जेवायची वेळ टळली, साखर उतरली, आणि त्यांना पडद्यामागे नेऊन सरबत पाजावं लागलं. आभारप्रदर्शन त्यांच्या गैरहजेरीतच झालं. तेव्हापासून माझा आग्रह असतो: प्रमुख पाहुणे नकोतच. धर्मगुरू आहेत, मंडळ आहे, घरचे आहेत. आणखी कोण हवं?

पाठ टेकता येईल अशी हातांची खुर्ची, पाण्याचा पेला, स्वच्छतागृहाची जवळची वाट, स्टेजला पायऱ्या असतील तर स्टेजच नको. माइक हातात धरून बोलता येत नसेल तर समोर उभा करा. आणि नवऱ्याला किंवा बायकोला शेजारी बसवा, मागच्या रांगेत नको. तीस वर्षं दर रविवारी संध्याकाळी एक माणूस बैठकीला गेला म्हणजे दुसरं कुणीतरी तेवढ्या संध्याकाळी घरी एकटं होतं. मानपत्रात एक वाक्य त्यांच्यासाठी असलंच पाहिजे.

माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर सगळं घरी न्या. चार-पाच जण, जास्त नाही. चर्चच्या ‘आशीर्वादांचे पुस्तक’ या विधिग्रंथात घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांसाठी आशीर्वादाचा खास विधी आहे. फादरांना तो करायला सांगा, परमप्रसाद न्या, मानपत्र खाटेशेजारी बसून हळू आवाजात वाचा. फोटो एकच काढा, तोही विचारून. अशा सत्कारात कुणी घड्याळाकडे बघत नाही.

एक अवघड गोष्ट उरते. कधी कधी सत्कार हा काढून टाकण्याचा सभ्य मार्ग असतो. काका वीस वर्षं खुर्ची सोडत नाहीत, कुणाचं ऐकत नाहीत, हिशेब दाखवत नाहीत. मग कुणीतरी सुचवतं, त्यांचा मोठा सत्कार करू म्हणजे ते आपोआप बाजूला होतील. असं करू नका. पदाची मुदत संपली असेल तर तसं तोंडावर, प्रेमाने, अध्यक्षांनी किंवा आध्यात्मिक सल्लागार असलेल्या फादरांनी सांगावं. तो विषय वेगळा आणि सत्कार वेगळा. दोन्ही एकत्र केले तर त्या माणसाला ते कळतं. न कळायला तो काही कालचा नाही.

आणि जो खरंच मानाचा सत्कार आहे, तो निरोपासारखा होऊ देऊ नका. लीजन ऑफ मेरीचे संस्थापक फ्रँक डफ यांचं उदाहरण मला इथे नेहमी आठवतं. डब्लिनमधला हा सरकारी नोकर. 7 सप्टेंबर 1921ला मूठभर माणसांना घेऊन त्याने काम सुरू केलं. 1965मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत तो प्रापंचिक निरीक्षक म्हणून बसला होता आणि त्याचं नाव घेतलं गेलं तेव्हा जगभरच्या बिशपांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. याहून मोठा सत्कार तो काय असणार? तेव्हा तो शहात्तर वर्षांचा होता. त्यानंतर घरी जाऊन आरामखुर्चीत बसला नाही. 1980मध्ये एक्क्याण्णवाव्या वर्षी मरेपर्यंत लीजनचं काम करत राहिला.

म्हणून सत्काराच्या दिवशीच त्यांच्यासाठी एक काम ठरवून ठेवा, अंगाला झेपेल असं. नव्या सभासदाला पहिल्या चार घरभेटींना सोबत करणं, जुन्या वह्यांतली अक्षरं लावून देणं, आजारी सभासदांना आठवड्यातून एक फोन. बर्जिल्लयासारखं त्यांनी कुणा किम्हामाचं नाव सुचवलं तर ते नाव इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्या पोराला खरंच बोलवा. आणि पुढच्या रविवारच्या बैठकीचा निरोप त्यांना नेहमीच्याच वेळी, नेहमीच्याच माणसाकरवी गेला की नाही, ते सचिवाने सोमवारीच पाहावं.